पोटावरच्या सात रेषा

३ फेब्रुवारी. वजन ९४.२

आहारतज्ज्ञ बाईंनी ही वही दिली. सकाळचं वजन लिहायचं, दिवसभरात काय खाल्लं ते लिहायचं, बाकी काही नाही. तीस वर्षं दैनिकात वार्ताहर म्हणून काढलेल्या माणसाच्या हाती दोनशे कोरी पानं द्यायची आणि वर 'बाकी काही नाही' म्हणायचं! ओसरी मिळाली आहे, पाय पसरले जाणारच.

तर बातमी अशी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी असलेली माझी ताई. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून धुऊन काढतात. आता ज्या हातात सुई टोचतात त्या हाताच्या शिरा थकत चालल्या आहेत. माझी एक किडनी तिला चालेल असं तपासण्यांत निघालं. रक्त जुळतं, बाकीचंही जुळतं, लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या ते वाया गेलं नाही.

किडनीच्या डॉक्टर, दिसायला माझ्या मुलीएवढ्या, त्यांनी आधी कागद पाहिले, मग मला पाहिलं, मग पुन्हा कागद.

"कागदावर तुम्ही उत्तम आहात."

"आणि खुर्चीत?"

"खुर्चीत बारा किलो जास्त आहात. ब्याऐंशीवर या. मेच्या मध्याला समिती बसते, तिच्यापुढे तुमचं नाव ठेवते. त्यानंतर थांबणं ताईंना झेपेल असं मला वाटत नाही."

ताईला फोन केला. ती लहानपणापासून मला ढब्बू म्हणते. "ढब्बू, तू बारा किलो कमी करणार? त्यापेक्षा मला नवी किडनी फुटायची वाट बघते मी. ती लवकर येईल."

बायकोला सांगितलं. ती घरातच पुढच्या खोलीत शिवणकाम करते, गावातल्या अर्ध्या बायकांची मापं तिच्या डोक्यात असतात. यंत्र थांबवून म्हणाली, "दुसरं कुणी नाही का जुळत?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि यंत्र सुरू केलं. शिंपीणबाई मितभाषी आहेत. घरातले शब्द मीच वापरून संपवतो, हेही कारण असेल.

११ फेब्रुवारी. वजन ९३.१

उकडलेला दुधी. उकडलेलं गाजर. काकडी, जी उकडायची असं लिहायला आहारतज्ज्ञ बाई विसरल्या असाव्यात. आपल्या पूर्वसूरींनी उपवासाने इंद्रियजय होतो असं लिहून ठेवलं आहे. भरल्या पोटी लिहिलं असणार.

६ मार्च. वजन ९०.०

रोज सकाळी एक तास चालतो. दूधवाला पहिले तीन दिवस विचारत होता, "काय साहेब, गाडी बिघडली?" आता विचारत नाही. पट्ट्याला नवं भोक पाडलं.

२८ मार्च. वजन ८७.६

आज आंघोळीला उभा असताना सहज खाली पाहिलं, तर बेंबीच्या खाली काहीतरी दिसलं. या मुलखात माझी नजर निदान दहा वर्षं पोचली नव्हती. मध्ये डोंगर होता. आता डोंगर थोडा ओसरला आहे, आणि त्याच्या कडेवरून सात रेषांची टोकं वर आलेली दिसतात. किंचित चकचकीत, आडव्यातिडव्या, नखाने ओरखडल्यासारख्या. दुखत नाहीत, खाजत नाहीत. वजरीच्या दगडाने घासून पाहिल्या. गेल्या नाहीत.

२९ मार्च. वजन ८७.६

रेषा आहेत तिथेच आहेत. बायकोची लाकडी पट्टी न्हाणीघरात नेऊन मोजलं. सगळ्यात लांब रेषा दीड सेंटिमीटर. न्हाणीघरातला आरसा दाढीपुरता, गळ्याखाली उतरत नाही. पुरुषभर आरसा पुढच्या खोलीत आहे, पण तिथे कायम कुणीतरी बाई खांदे मापून घेत असते. तेव्हा सरळ उभं राहायचं, मान खाली घालायची, पट्टी लावायची, ही माझी पद्धत. रोज सकाळी, वजनानंतर. निरीक्षणात सातत्य हवं.

पुन्हा वजरी लावली.

५ एप्रिल. वजन ८६.९

दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटर. वाढली.

१२ एप्रिल. वजन ८६.०

तीन सेंटिमीटर. आता रंगही जांभळट वाटतो.

मी कॉलेजात न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, शिकलेला माणूस आहे. वजन अर्धा किलो उतरलं की रेषा अर्ध्या सेंटिमीटरने वाढते. मधे चार दिवस वजन हललं नाही, तेव्हा रेषाही हलली नाही. अन्वय आहे, व्यतिरेकही आहे. याहून स्वच्छ कार्यकारणभाव मी परीक्षेच्या पेपरातही पाहिला नव्हता. वजन उतरण्याने माझ्या आत काहीतरी जागं झालं आहे.

कचेरीत काम आटोपल्यावर फोनवर शोधलं. पोटावर जांभळ्या रेषा. नको ते निघालं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, ती बिघडली की पोटावर अशा रेषा उठतात म्हणे. तिला संस्कृतात अधिवृक्क म्हणतात. शब्द सुंदर आहे. पण तो माझ्या आत बसला आहे, आणि ज्या खुर्चीवर बसला आहे ती मी ताईला द्यायला निघालो आहे.

१५ एप्रिल. वजन ८५.६

सडका आंबा ओळखून कुणी बहिणीच्या घरी पाठवतं का?

डॉक्टरांना दाखवायला हवं. पण दाखवलं की त्या फायलीवर लाल शेरा मारणार, आणि एकदा शेरा पडला की तो निघत नाही, हे मी सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ पाहिलं आहे. न दाखवावं तर ताईला बिघडलेला माल जाईल. आज ताईचा फोन आला. "किती झालं रे?" मी म्हटलं, पंच्याऐंशी सहा. मग म्हणाली, "ढब्बू, मी गंमत करत होते रे तेव्हा." मी हातातली काकडी परत ताटलीत ठेवली.

१९ एप्रिल. वजन ८५.२

पकडलो गेलो. न्हाणीघराची कडी नीट लागली नव्हती. बायको पट्टी शोधत आली, आणि मी उघडा उभा, हनुवटी छातीला टेकवलेली, पट्टी पोटाला.

"हे काय चाललंय?"

मग सगळं सांगून टाकलं. रेषा, माप, जांभळा रंग, टोपीवाली ग्रंथी. तिने चष्मा वर केला, वाकून पाहिलं, कापडाचा पोत बघावा तसं बोटाने रेषेवरून एकदा चाचपलं. मग तिथेच वाकलेली राहिली. मला वाटलं कंबर धरली असेल.

"वाईट दिसतंय ना?" मी विचारलं.

ती सरळ झाली, चष्मा खाली ओढला. थोड्या वेळाने म्हणाली, "असं काही निघालं, तर मग तुमचं ऑपरेशन नाही व्हायचं?"

"नाही. समिती नाव काढून टाकेल."

"नक्की?"

"अगं, बिघडलेल्या माणसाची किडनी कोण घेईल?"

"बरं," म्हणाली. पट्टी घेऊन गेली.

बिचारी घाबरली आहे. दुपारी पाहिलं तर एका बाईच्या झग्याची डावी बाही उजवीकडे लावून बसली होती. तिच्या शिवणकामाच्या बावीस वर्षांत असं झालेलं मला आठवत नाही. उसवत होती आणि उसवतानाही टाके चुकत होते. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी लगेच काही मरत नाही. तर माझ्यावरच खेकसली, "मरणाची भाषा करू नका माझ्यासमोर!"

२४ एप्रिल. वजन ८४.५

चार सेंटिमीटर एक मिलिमीटर. हिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "मला सांगू नका रोज." नाजूक मनाची आहे, हे लग्नाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळावं!

२९ एप्रिल. वजन ८३.८

आज ताईकडे गेलो होतो, दोघंही. ताईने रक्त धुवायच्या दिवशी पडल्या पडल्या वाचायला पुस्तकांची यादी मागितली. मी सांगत होतो. ही खिडकीशी उभी होती, ताईच्या दंडावरची फुगलेली शीर बघत. ताई म्हणाली, "काय गं, एवढं काय बघतेस? हात सुंदर आहे माझा, माहीत आहे मला." ही हसली नाही. घरी येताना रस्त्यात एकदा थांबली. म्हणाली, "वन्संना किती दिवस आहेत हो?" मी म्हटलं, तसं कुणी सांगत नाही. "नाही, पण अंदाजे?" मी अंदाज सांगितला. त्यानंतर घरापर्यंत एक शब्द नाही. पाऊण तास. आमच्या हिशेबानेही हे जास्त आहे.

४ मे. वजन ८३.०

ठरवलं. समितीपुढे नाव जाण्याआधी आपणच माघार घ्यावी. सकाळी रुग्णालयाला पत्र लिहिलं. आजवर मी लिहिलेली प्रत्येक बातमी कचेरीत जाण्याआधी ही वाचते. तिला समजली तर गावाला समजेल, असा आमच्यातला करार आहे. 'हे कुणाला कळायचं नाही' असं तिने म्हटलं की मी निमूटपणे समास सोडवतो. हे पत्रही तसंच तिच्या यंत्रावर ठेवलं.

तिने वाचलं. यंत्राचं पायडल थांबलं.

"यात नेमकं काय म्हटलंय?"

"की मी किडनी द्यायला अयोग्य आहे."

"का?"

"लिहिलंय ना. त्या रेषांमुळे."

पत्र तिच्या हातात होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं, एक सायकल आणि एक कुत्रं. मी उभा. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही बातमी खोटी आहे."

"म्हणजे?"

"त्या रेषा नव्या नाहीत. अकरा वर्षं झाली त्यांना. तुमची रात्रपाळी होती, पोट सुटलं होतं, तेव्हाच्या आहेत. कातडं ताणलं की उठतात. शिवण ताणली की कापड विरतं ना, तसं."

"अगं, पण वाढतायत त्या! मी मोजल्या आहेत!"

"तुम्ही वरून बघता. पोट मागे गेलं की खालचं दिसायला लागतं. टेबलावरचं कापड ओढलं म्हणून टेबल वाढतं का?"

मी खाली पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे मी दर आठवड्याच्या माझ्या सदरात दुसऱ्यांच्या तर्कावर लिहितो.

"आणि जांभळा रंग?"

"वजरीने घासलंत तर जांभळंच होणार. माझ्याही आहेत की, मुलीच्या वेळच्या. सत्तावीस वर्षं झाली. त्यावर नाही तुम्ही कधी पट्टी लावली."

हा टोला मी घेतला. घेण्यासारखाच होता.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुठे?" म्हणाली. नंतर, अगदी हळू, "आज सांगितलं ना."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिला यंत्रासकट मिठी मारली. चहात चमचाभर साखर घालून मागितली, उत्सव म्हणून. ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला तो सुरूच. टाकी रिकामी होईल म्हणून मी इथून ओरडलो. बऱ्याच वेळाने चहा आला, साखर न घालता. "ब्याऐंशी व्हायचंय अजून," म्हणाली. डोळे लाल होते. चुलीपाशी उष्मा आहेच हल्ली.

ते पत्र मात्र तिने फाडू दिलं नाही. घडी घालून शिवणाच्या डब्यात ठेवलं. "मागची बाजू कोरी आहे, मापं लिहिता येतील."

६ मे. वजन ८२.८

डॉक्टरांकडे गेलो, ही सोबत. शर्ट वर केला. डॉक्टरांनी एक नजर टाकली, तीही अर्धीच.

"स्ट्रेच मार्क्स आहेत. जुने आहेत. ग्रंथीच्या आजारातले रुंद आणि गडद असतात. पण हे मधलं कातडं सोललंय कशाने?"

"वजरी," बायको म्हणाली. चुगलखोर.

"आणि हे आकडे काय?" माझी वही त्यांच्या हातात होती. आहारतज्ज्ञ बाई ती बघतच नाहीत, हे एव्हाना मला समजलं होतं. डॉक्टर बघतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी पानं उलटली. एकदा हसल्या. एका पानावर हसायच्या थांबल्या, आणि वर बघितलं ते माझ्याकडे नाही, हिच्याकडे. मग वही मिटून मला परत दिली.

"खात्रीसाठी रक्त तपासून घेऊ. पण पाच आठवडे अंगावर काढलंत, हे पुन्हा करायचं नाही. मी लाल शेरे मारायला बसलेली नाहीये."

रेषा जातील का, विचारलं. म्हणाल्या, "जाणार नाहीत. फिक्या होत जातात. औषधाच्या दुकानात मलमं मिळतात, ती दुकानदाराचं भलं करतात. कोरडं वाटलं तर साधं तेल लावा. आणि वजरी टाचांसाठी असते."

९ मे. वजन ८२.४

रक्ताचा अहवाल आला. टोपीवाली ग्रंथी निर्दोष. तिची मनातल्या मनात माफी मागितली.

१५ मे. वजन ८१.९

समितीपुढे बसलो. पाच माणसं. कुणी दबाव आणला का, असं मला विचारलं. मी म्हटलं, एका बहिणीने आयुष्यभर आणला आहे, पण किडनीसाठी नाही. मग हिला स्वतंत्र आत बोलावलं. घरच्यांची संमती लागते. दहा मिनिटं लागली. मला चार मिनिटं लागली होती. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, एवढं काय विचारत होते? म्हणाली, "पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. मी पुन्हा पुन्हा हो म्हटलं."

मंजूर.

ताईला फोनवर सांगितलं. तिने फोन कुठेतरी ठेवून दिला. मला तिच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं.

२ जून. वजन ८१.६

सहा तारखेला ऑपरेशन. ही आज एकटीच ताईकडे गेली, रुग्णालयात घालायला पुढून उघडणारा झगा शिवायचा म्हणून माप घ्यायला. दोन तासांनी आली. चेहरा सुजल्यासारखा. मापाची टेप इथे यंत्रावरच पडली होती. दाखवली, तर म्हणाली, "अंदाजाने घेतलं." बावीस वर्षं मी जिच्याकडून ऐकत आलो की अंदाज म्हणजे कापडाचा नाश, ती!

संध्याकाळी माझ्या पाठीला तेल लावून दिलं. पोटालाही. त्या सात रेषांवरून तिचा हात सावकाश गेला. आता त्या मला दिसतात, आणि आश्चर्य म्हणजे मी त्यांना ओळखू लागलो आहे. सगळ्यात लांब आहे ती थोडी वाकडी आहे. माझ्यातल्या जाडेपणाची ही एवढीच सही शिल्लक.

५ जून. वजन ८१.६

दुपारी दाखल झालो. वही सोबत. भूलतज्ज्ञ आले, दात मोजून गेले. बायको बाकड्यावर बसून माझ्या उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण घालते आहे. रुग्णालयाची उशी! मी म्हटलं, राहू दे. तिने ऐकलं नाही.

११ जून. वजन कुणी विचारलेलं नाही

अक्षर वाकडं येतं आहे, चालवून घ्यावं. टाके ओढतात, हसलं की जास्त, म्हणून हे पान गंभीर ठेवण्याचा प्रयत्न आहे.

किडनी चालली. टेबलावरच चालली. ताईला जोडल्याबरोबर कामाला लागली, असं डॉक्टर म्हणाल्या. माझ्यापाशी बावन्न वर्षं तिने एवढा उत्साह कधी दाखवला नव्हता.

आज मला भिंत धरत ताईच्या खोलीपर्यंत जायची परवानगी मिळाली, तोंडाला फडकं बांधून. ताई उशीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरची ती पिवळट राख गेली आहे. ही आधीपासूनच तिथे स्टुलावर होती. दोन वर्षं ताईला दिवसाकाठी मोजून दोन पेले पाणी मिळत होतं, उन्हाळ्यात ती बर्फाचा तुकडा चघळायची. आता उलट हुकूम आहे. प्या, आणखी प्या. माझ्यासमोर तिने एक पेला भरलेला उचलला आणि खाली ठेवला तो रिकामा. श्वास न घेता. मग ओठ पुसून माझ्याकडे पाहिलं.

"ढब्बू, फार बडबडी किडनी दिलीस रे. चोवीस तास चालू असते."

"परत घेत नाही."

ती हसली. मग तिने हिचा हात धरला, सुया टोचून टोचून काळ्या झालेल्या आपल्या हातात. "हिचे उपकार काही माझ्याने फिटायचे नाहीत."

"वन्सं, नको ना," ही म्हणाली.

"का नको? तू जर तेव्हा..."

"वन्सं!"

ताई गप्प झाली. ताईला एका शब्दात गप्प बसवणारं माणूस मी या घराण्यात पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, "हे बरं आहे. किडनी माझी, टाके माझे, दुधी मी खाल्ला. आणि उपकार हिचे?"

"हो," दोघी एकदम म्हणाल्या.

"केलं काय हिने?"

ताईने हिच्याकडे पाहिलं, हिने ताईकडे. "वार्ताहरांसमोर आम्ही बोलत नाही," ताई म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. ताईने एका हाताने टाके धरले होते. ही पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती, ते थांबेना.

दोन साक्षीदार एकच उत्तर एकाच सुरात देतात तेव्हा खरी बातमी वेगळी असते, हे मला तीस वर्षांत शिकायला मिळालं आहे. एरवी मी खुर्ची ओढून बसलो असतो. आज विचारलं नाही. ताईने रिकामा पेला पुढे केला. हिने काठोकाठ भरला, सांडला तरी थांबली नाही.